रॉनीच्या जीपचे दिवे

"सांगितलं तर तू मानणार नाय," इसिडोर म्हणाला. "आख्ख्या मरोळ गावठाणात कोणी मानलं नाय. पाद्रीबाबानं तर मना अर्ध्यातच थांबवलं. पण काल संध्याकाळी या गल्लीत विमान उतरत होतं."

सई अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती मुलुंडहून रिक्षानं यायची, कारण विकत घेतलेली जीप जाताना चालवत न्यायची असं दर रविवारी ठरलेलं असायचं. आणि दर रविवारी ती रिक्षानंच परत जायची.

"विमान," ती म्हणाली. "बरं. कुठलं?"

"मोठं. परदेशी. दोन्ही दिवे बसवले, बटण दाबलं, तर असा उजेड पडला की समोरच्या भिंतीवरची पाल डोळे चोळायला लागली. दोन दिवे शेजारी शेजारी, मधे सरळ गल्ली. सहारच्या विमानतळावर उतरणाऱ्या पायलटाला वाटलं, हीच आपली धावपट्टी. चाकं बाहेर काढली गो त्यानं! मी खांद्यावरचा टॉवेल हलवतोय, बाबा पुढं जा, पुढं जा, हितं बोंबील सुकत घातलेत! खिडकीत एक बाई चहा पीत होती. तिनं माझ्याकडं बघून कप वर केला."

"साखर होती का चहात, अंकल?"

"नसावी. तोंड वाकडं होतं. तर मग काय करणार? वायरी तोडल्या. इतक्या माणसांचे जीव मोठे का तुझे दिवे?"

सई हसली. हसताना तिनं जीपकडे पाहिलं. बंपरवर दोन नवे कोरे एलईडी दिवे बसलेले होते, आणि त्यांच्या मागून वायरींची टोकं लोंबत होती. टोकं स्वच्छ कापलेली. घाईघाईत तोडलेली वायर अशी नसते. पण सईला वायरिंगमधलं काही कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तोच तिला विमानाची गोष्ट सांगत होता.

दारातून कार्मेन म्हणाली, "इसिडोर, कन्फेशनला काय सांगशील रं? पाद्री झोपी जायचा तुझी यादी ऐकता ऐकता."

कार्मेन इसिडोरची बायको. गावठाणात दोघांची जोडी कशी जमली याचं कोडं लोकांना लग्नापासूनच होतं. इसिडोरनं बाजारातून पापलेट आणलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा देवमासा व्हायचा. कार्मेन म्हणजे अशी की, पाहुण्यानं "जेवण कसं झालं सांगू का?" म्हणून कौतुक सुरू केलं तर ही मधेच म्हणायची, "मीठ जास्त पडलंय, मना म्हायत हाय." तिच्या तोंडून खोटं निघालेलं कोणी ऐकलं नव्हतं. सासूच्या मयतालासुद्धा ती बायकांना म्हणाली होती, "बाई कडक होती, पण हिशेबानं वागली." एवढंच. उगाच रडली नाही.

मुलाच्या मयतालासुद्धा ती रडली नाही. रॉनी त्यांचा एकुलता एक. पवईला कंप्युटरच्या ऑफिसात काम करायचा आणि रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की जीप काढायचा. कर्जतच्या पलीकडे कुठंतरी चिखलात घालायचा, रुतवायचा, काढायचा आणि संध्याकाळी कानापर्यंत माखून परत यायचा. कार्मेन त्याला अंगणातच उभा करून नळीनं धुवायची. चाळिशीच्या उंबऱ्यावरचा घोडा, आणि आई त्याच्यावर नळी धरत्ये! ब्रिजेट, त्याची बायको, खिडकीतून साबण फेकायची. मागच्या वर्षी डेंग्यू झाला. साधाच वाटला. मग हॉस्पिटलात नेला, आणि मग तो नव्हताच.

हे दिवे त्यानंच मागवले होते. आजारी पडायच्या आधी, ऑनलाइन. पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला पोरगा दारात आला, खोका हातात, घाईत. "रॉनी कोण? ओटीपी सांगा." दारात चपलांचा ढीग, घरात काळ्या कपड्यातली माणसं, पोरगा बिचारा गोंधळला, पण त्याचं काम ओटीपीशिवाय होत नव्हतं. ओटीपी रॉनीच्या फोनवर आला. फोन ब्रिजेटजवळ होता. तिनं आकडे एक एक करून वाचून दाखवले. पोरानं खोका इसिडोरच्या हातात दिला आणि जाता जाता सवयीनं म्हणाला, "रेटिंग द्यायला सांगा साहेबांना."

वर्षाचा मिस्सा होईपर्यंत जीप अंगणात उभी राहिली. मग ब्रिजेटनं ती विकायची ठरवली. कोणी तिला बोललं नाही. गाडी तिच्या नवऱ्याची, म्हणजे तिची. सई आली, जीपखाली वाकली, चाकाला हात लावून पाहिला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "फार जपून वापरली आहे हो." ते ऐकून ब्रिजेटनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोनच केला नाही.

तेव्हा इसिडोर मधे बोलला. "दिवे माझ्याकडं पडलेत. रॉनीनं याच गाडीसाठी घेतलेले. मी बसवून देतो, मग न्या."

सगळ्यांना बरं वाटलं. जन्मभर त्यानं गाड्यांच्या वायरिंगचंच काम केलं होतं, चकाल्याच्या गॅरेजात. त्याच्या हाताखालून न गेलेली टॅक्सी अंधेरीत नसेल, असं तो म्हणायचा आणि त्यात निम्मं तरी खरं होतं. असले दोन दिवे बसवणं म्हणजे एका दुपारचं काम.

पण बोलताना त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. खोका फोडला, वायरींचा गुंता मांडीवर घेतला, तेव्हा आलं. ज्या दिवशी दिवे लागतील त्या दिवशी गाडी जाणार.

मग ती दुपार लांबत गेली.

आठवडाभर तो रोज थोडं थोडं काम करायचा. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, म्हणजे दिव्यांना करंट जोडणारी डबी, रिलेपासून दिवे. अगदी शिस्तीत, कुठं वायर लटकणार नाही, कुठं घासणार नाही. शेजारचा कुंडलिक कुंपणावरून डोकावून म्हणायचा, "काय अंकल, अजून चाललंय? तेवढ्यात मेट्रो झाली आमची!" आणि इसिडोर म्हणायचा, "मेट्रोला दिवे मीच लावले, म्हणून वेळ गेला हितं." आणि शनिवारी दुपारी कार्मेन जेवून आडवी झाली की पक्कड घेऊन बॉनेटमधे शिरायचा आणि आठवड्याचं सगळं काम सोडवून टाकायचा. वायरी गुंडाळून ठेवायचा. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

दर रविवारी सईला एक गोष्ट मिळायची. पहिल्यांदा उंदीर. पण साधा उंदीर इसिडोरला चालला नसता.

"लाल वायर खाल्ली," तो म्हणाला होता, "आणि काळीला तोंड पण लावलं नाय. का? दुखवट्याचं घर हाय ना. काळ्याला कसा खाईल? शिकलेला उंदीर, आपल्या चर्चचा, पॅरिशमधला."

सई हसता हसता थांबली होती. कारण हे बोलताना त्याच्या दंडावर काळी फीत होती, अजून.

त्यानंतर आरेच्या जंगलातला बिबट्या आला. बिबट्या ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दोन्ही पाय स्टिअरिंगवर.

"सीटबेल्ट लावला होता का?" सईनं विचारलं.

"नाय ना! म्हणून तर मी ओरडलो त्याला. तो घाबरला, त्याचा पंजा डॅशबोर्डात गेला, आणि स्विच आला बाहेर."

आणि आता विमान.

यावेळी मात्र सई खुर्चीवरून उठली आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "अंकल, राग मानू नका. पुढच्या रविवारी दुपारी आमचा जीपवाल्यांचा ग्रुप निघतोय. गाडी मला हवीच आहे. दिवे नसतील होत तर राहू देत, मी अशीच नेते. घाटकोपरला माझ्या ओळखीचा मिथुन आहे, गाड्यांची कामं करतो. तो एका तासात बसवेल."

"मिथुन," इसिडोर म्हणाला.

"हुशार आहे तो."

"असेल," इसिडोर म्हणाला. त्या दिवशी त्यानं तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाताना काहीच सांगितलं नाही. रिक्षात बसताना सईला ते विमानापेक्षा विचित्र वाटलं.

परत आला तर ब्रिजेट अंगणात होती. वर्षभरात ती या वेळेला अंगणात अशी उभी राहिल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. ती मागच्या दारानं जायची, मागच्या दारानं यायची. आता ती जीपपासून चार हात लांब, सुकत घातलेल्या कपड्यांजवळ उभी होती आणि एका शर्टाची कॉलर उगाच सरळ करत होती.

"पप्पा, दिवे लावून टाका ना," ती म्हणाली.

"लावतोय गो. वायर…"

"पप्पा." तिनं कॉलर सोडली. "मना उंदीर नका सांगू. सईला सांगा. ती चांगली हाय, ती हसते. मना नको."

इसिडोरनं जीपकडे पाहिलं.

"सकाळी खिडकी उघडली ना, की रोज मना वाटतं तो गाडीखाली हाय. आता पाय दिसतील बाहेर, ती फाटकी चप्पल. मी वाकून बघते, पप्पा. रोज बघते. येडी नाय मी, मना म्हायत हाय कोण नाय तितं. तरी बघते. आणि रोज सकाळी मना तो नव्यानं मेलेला कळतो." ती थांबली. "तुमाला गाडी हवी, मना म्हायत हाय. मम्मा म्हणते तुमाला करू दे. पण मी रोज नाय मरू शकत त्याच्यासंगती."

ती आत गेली. इसिडोर बराच वेळ त्या शर्टाकडे बघत राहिला. तो रॉनीचा नव्हता, त्याचा स्वतःचाच होता. बॉनेटच्या कडेला सईच्या हाताचा ठसा उमटला होता, धुळीत.

सोमवारी त्यानं खरं काम सुरू केलं.

खरं काम म्हणजे एकच होतं, बाकी सगळं तो दर आठवड्याला करून मोडतच होता. डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, रॉनीनं पांढऱ्या पेन्सिलीनं एक छोटी फुली मारून ठेवली होती. स्विच इथं बसवायचा म्हणून. दिवे यायच्या आधीच मारली होती, इतकी त्याला घाई. इसिडोरनं एवढ्या आठवड्यांत त्या फुलीला हात लावला नव्हता. स्विच नुसता लोंबत ठेवायचा, का तर दुरुस्तीला सोपं जातं. कोणी विचारलं तर हेच उत्तर.

आता ड्रिल तिथंच चालवायचं होतं. दुसरीकडे भोक पाडायचं त्याच्या मनात आलं. उजव्या बाजूला जागा होती. पण रॉनीनं जागा बघून मारली होती; त्याचा हात तिथं आपसूक पोचायचा. इसिडोरनं चष्मा पुसला, ड्रिल लावलं, आणि काढलं. पुन्हा लावलं. मग त्यानं फुलीवर अंगठा ठेवला. पेन्सिलीचा पांढरा रंग अंगठ्याला जरासा लागला. पुसावा की नाही हे न कळून तो तसाच बसला, एका हातात ड्रिल, दुसरा हात हवेत धरलेला, जणू त्या हातात काहीतरी भरलेलं आहे आणि सांडेल.

कार्मेन ताक घेऊन आली. तिनं त्याचा अंगठा पाहिला. ग्लास त्याच्या दुसऱ्या हातात देता येईना, म्हणून तिनं तो सीटवर ठेवला आणि गेली.

भोक पडलं. फुली होती तिथं आता गोल भोक होतं, आणि त्याच्या कडेला प्लास्टिकचा चुरा. इसिडोरनं तो फुंकला नाही, बोटानं उचलून काढला.

मग मात्र हात थांबले नाहीत. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच फ्यूज, कारण शॉर्ट झालं तर वायर जळायच्या आधी फ्यूज जावा. तिथून जाड वायर रिलेला. रिले बॉनेटच्या आतल्या भिंतीवर, तोंड खाली करून, म्हणजे पाणी साचणार नाही. चिखलात जाणारी गाडी ही, पाण्यात उतरणारी. रॉनीला पाण्याची फार हौस. भिंतीतून आत वायर नेताना रबरी रिंग घातली, पत्र्यानं कापू नये म्हणून. जोड सगळे सोल्डर केले, वर नळी चढवून लायटरनं तापवून आवळली. मिथुननं नसतं केलं एवढं. मिथुननं टेप गुंडाळला असता.

शनिवारी दुपारी कार्मेन आडवी झाली. इसिडोर पक्कड न घेता अंगणात आला आणि गाडीत बसला.

संध्याकाळ व्हायची त्यानं वाट पाहिली. चर्चची घंटा झाली तेव्हा त्यानं स्विच दाबला. बॉनेटखाली रिले टक करून वाजला आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. पाल वगैरे काही नव्हती. भिंतीवरचा रंगाचा प्रत्येक उडालेला पोपडा दिसत होता, रॉनीनं लहानपणी मारलेल्या चेंडूचा डाग दिसत होता, कुंडलिकच्या सुनेनं वाळत घातलेली उशी दिसत होती. इसिडोरनं तोंड उघडलं. या उजेडावर त्याला किती बोलता आलं असतं! आकाशातले तारे लाजले, रात्रपाळीची कोंबडी उठली, गोराईला मच्छीमारांनी जाळी ओढून घेतली. एकही शब्द बाहेर आला नाही. उजेड होता तेवढाच होता आणि चांगला होता.

दारात कार्मेन डोळ्यांवर हात धरून उभी होती. "बंद कर," ती म्हणाली. त्यानं बंद केलं.

रात्री जेवताना तो म्हणाला, "झालं." ब्रिजेटनं त्याच्या ताटात भात वाढला, आणि वाढता वाढता तिचा हात त्याच्या मनगटावर क्षणभर टेकला. कार्मेन ताटाकडे बघत होती.

रविवारी मिस्सा सुटला आणि थोड्याच वेळात सई आली. रिक्षानंच आली. यावेळी तिनं नारळ आणला होता, आणि मग इथं नारळ फोडतात की नाही हे न कळून तो पिशवीतच ठेवला. ब्रिजेट खिडकीत होती, समोरच्या खिडकीत, चाव्या हातात. कार्मेन स्वयंपाकघराच्या दारात. काळा झगा, दुखवट्याचा. त्याच्या खिशात एक हात.

"आज काय, अंकल?" सई म्हणाली. "हत्ती?"

"आज काय नाय," इसिडोर म्हणाला. "बस. दाब तूच."

ती बसली. तिचा हात जरा शोधत डाव्या बाजूला गेला आणि स्विचवर पडला. टक.

दिवे लागले नाहीत.

सईनं बंद करून पुन्हा दाबला. टक. भिंत तशीच, सकाळच्या उन्हातली.

ती मान बाहेर काढून हसली. "अंकल! मला वाटलं आज खरंच! सांगा, कोण होतं? मी बसलेय ऐकायला."

इसिडोरनं दिव्यांकडे पाहिलं. त्यानं काही केलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं काही केलं नव्हतं आणि सगळी त्याच्याकडेच बघत होती. खिडकीतल्या ब्रिजेटचा चेहरा हळूहळू विझत चालला होता. तिनं चाव्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

"मी नाय," तो म्हणाला. "ब्रिजेट, देवाशप्पथ, मी नाय."

कोणी विश्वास ठेवला नाही. का ठेवावा?

रिले वाजतोय, म्हणजे डॅशबोर्डातून येणारी स्विचची वायर ठीक, म्हणजे घोळ बॅटरीकडच्या जाड वायरीत. तो बॉनेटकडे गेला, दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या, झाकण उचललं. बॅटरीच्या बाजूला फ्यूजची छोटी डबी होती. तिचं झाकण उघडं होतं. आत फ्यूज नव्हता. काल संध्याकाळी त्यानं स्वतः बसवला होता, अंगठ्यानं दाबून.

त्यानं वर पाहिलं. कार्मेनचा खिशातला हात मुठीत आवळलेला होता; झग्याचं कापड त्या मुठीवर ताणलं होतं.

"कावळा," कार्मेन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"कावळा आला सकाळी." तिचा आवाज चर्चमधे वाचन करताना व्हायचा तसा झाला होता, पट्टीनं आखलेला. "मोठा. काळा." ती थांबली, कारण कावळा काळाच असतो हे तिच्याही ध्यानात आलं. "तो आला आणि त्यानं ते घेतलं, ते चमकतं ना, ते छोटं… चोचीत धरलं. मी म्हटलं हुश. मी टॉवेल हलवला. तो गेला. तितं, त्या माडावर. तितून मग पुढं. आता नाय मिळायचा तो. दुसरा आणावा लागेल. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी पण, कधी कधी."

तिला खोटं बोलता येत नव्हतं. वाक्यावाक्याला तिला पुढं काय ते सुचत नव्हतं आणि तरी ती थांबत नव्हती. डोळे फरशीवर, कानापर्यंत लाल. सई हसायची थांबली. कुंडलिक कुंपणावर आला होता.

इसिडोरला खोट्याला हातभार कसा लावतात हे माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं. "होय, मी पण बघितला, त्याचा एक पाय लंगडा," एवढं म्हटलं असतं की कावळा उडाला असता, खराखुरा, माडावर बसला असता, सगळ्यांनी वर बघितलं असतं. आठवडा मिळाला असता. कदाचित दोन. कार्मेननं मान उचलून त्याच्याकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत असल्यासारखं.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. ब्रिजेट वाकून जीपखाली बघत होती.

"कार्मेन," तो म्हणाला, आणि बॉनेट उघडंच ठेवून तिच्यासमोर हात पसरला, "कावळ्याला बॉनेट उघडता येत नाय गो."